घरचा सारीपाट : किरणानें कोरलेला

कोजागिरीच्या रात्रीं अक्षक्रीडा करून जागरण करावें आणि दिवाळीच्या पाडव्यास, म्हणजे द्यूतप्रतिपदेस, पट मांडावा, असें व्रतग्रंथांतून सांगितलेलें आहे. कोजागिरीचें आटीव दूध अद्यापि घरोघर होतें. पट मात्र फारच थोड्या घरांतून मांडला जातो. कापडाचे जुने सारीपाट ट्रंकेच्या तळाशीं कसरीनें खाल्ले, सोंगट्यांपैकीं दोनचार कोठें तरी गडप झाल्या, आणि ज्या वडील माणसांच्या जिभेवर खेळाचे नियम होते तीं एकेक करून निघून गेलीं. घरचीं मुलें पुण्यास, मुंबईस, कोणी अमेरिकेंत. सुटीला सर्व जमलीं तरी जो तो आपापल्या मोबाइलच्या उजेडांत मान घालून बसलेला. अशा घरांतून एक लांकडी पट तयार व्हावा, तो घरच्याच माणसांनीं आखावा, आणि आखतांना जुन्या माणसांस बोलतें करावें, एवढाच विचार आम्ही येथें मांडणार आहों. कोरण्याकापण्याचें काम लेझरच्या यंत्राकडून करून घ्यावयाचें असल्यामुळें, ज्यांस हातांत करवत धरतां येत नाहीं त्यांसही तें आतां साध्य झालें आहे.

आमचें धामणगांव बढे हें बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांतील गांव. जिल्ह्याची पश्चिमेची शीव खानदेशास भिडलेली असल्यामुळें, कांहीं सुना वऱ्हाडांतल्या तर कांहीं खानदेशांतल्या, असा मेळ इकडील घरांतून नेहमींच दिसतो. याचा सारीपाटाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. तो पुढें येईल. यंत्र खुद्द गांवांत नसलें तरी अडत नाहीं. मोठ्या गांवांतून स्मृतिचिन्हें, दारावरच्या पाट्या आणि लग्नपत्रिका कोरून देणारीं दुकानें असतात, त्यांजकडे बहुधा तें असतें. संगणकावर आखलेलें चित्र त्यांस पाठविलें कीं काम झालें. अर्थात् 'झालें' असें म्हणणें सोपें.

प्रथम पट नीट समजून घेतला पाहिजे. मध्यें चौक, त्याच्या चार बाजूंस चार पट्टे. प्रत्येक पट्ट्यांत तीन ओळी व दर ओळीस आठ घरें, म्हणजे चोवीस. चार पट्ट्यांचीं मिळून ९६. प्रत्येक पट्ट्यांत तीन घरांवर फुली असते : मधल्या ओळीच्या अगदीं टोकाच्या घरावर एक, आणि दोन्ही कडेच्या ओळींत टोकाकडून चौथ्या घरावर एकेक. फुलीच्या घरांत बसलेली सोंगटी मारतां येत नाहीं. या फुल्या शोभेसाठीं घातलेल्या नाहींत. सोंगटी चौकांतून निघून आपल्या मधल्या ओळीनें आठ घरें खालीं उतरते, बाजूच्या ओळीनें आठ घरें वर येते, शेजारच्या पट्ट्याच्या जवळच्या ओळीनें पुन्हा आठ घरें खालीं जाते, चोवीस झालीं. पंचविसावें घर म्हणजे त्या शेजारच्या पट्ट्याच्या टोकाची फुली! कवड्यांनीं पंचवीस दिले कीं चौकांतली सोंगटी थेट निर्भय जागीं जाऊन बसते, ती यामुळें. पुढें साऱ्या पटास वळसा घालून, पुन्हा आपल्याच मधल्या ओळीनें ती चौकांत शिरेपर्यंत बरोबर ८४ पावलें होतात. वाचकांनीं बोट ठेवून मोजून पाहावें. चौऱ्यांशीच्या फेऱ्याशीं याचा संबंध जोडण्याचा मोह होतो खरा. आम्ही मोजून थांबतों. सांगावयाचें तें इतकेंच कीं, एका घराची चूक झाली तरी हा सगळा हिशेब कोसळतो. शोभेसाठीं विकावयास ठेविलेल्या पटांतून ती चूक आम्हीं एकाहून अधिक वेळां पाहिली आहे. टोकाची फुली एक घर आंत सरकविलेली असते, कां, तर कडेची वेलबुट्टी तेवढी मोकळी दिसते म्हणून! असला पट भिंतीवर टांगावा. त्यावर खेळूं नये.

खेळाचें पुराणत्व सांगण्यास वेरूळपर्यंत गेलें तरी पुरे. तेथील एकविसाव्या लेण्यांत, ज्यास रामेश्वर म्हणतात, शिवपार्वती अक्षक्रीडा करीत बसलेलीं आहेत. खंडोबाच्या कथेंत तर म्हाळसेशीं सारीपाटाचा पण हरून देव बारा वर्षें वनवासास जातो आणि तेथूनच बाणाईचें आख्यान सुरू होतें. डोंगरापलीकडे, ज्यास आज छत्रपति संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादेस, हरिकृष्ण नांवाच्या पंडितांनीं इ. स. १८७१ मध्यें 'क्रीडाकौशल्य' हा संस्कृत ग्रंथ रचून अशा कित्येक खेळांची नोंद करून ठेविली, हे त्यांचे उपकार होत. पुढें १८९६ च्या सुमारास इंग्रजांनीं याच पटाचा लुडो केला : ओळींतलीं आठ घरें कापून सहा केलीं, कवड्या काढून एक चौकोनी फांसा दिला, आणि तें बाळ आपल्याकडे परत पाठविलें. आज आमच्या मुलांस लुडो ठाऊक आहे, त्याची आजी ठाऊक नाहीं. तरी भाषेनें ती जपली आहे. कोणाचे 'पौबारा' होतात, कोणाचे फांसे उलटे पडतात, कोणी बसलेला डाव पुन्हा मांडतो. हें बोलणाऱ्यांपैकीं किती जणांनीं पट पाहिला असेल?

आतां यंत्राकडे वळूं. पहिला लेझर १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं कृत्रिम माणकाच्या कांडीपासून साधला. परंतु लांकूड कापणाऱ्या यंत्रांत बहुधा जो किरण असतो तो निराळा. आणि त्याचा धागा आपल्या महाराष्ट्राशीं जुळतो, हें फार थोड्यांस माहीत असतें. त्याचे जनक कुमार पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९५८ सालीं पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि बेल प्रयोगशाळेंत असतांना १९६४ मध्यें त्यांनीं कार्बन डायॉक्साइडचा लेझर सिद्ध केला. आपण श्वासावाटे जो वायु बाहेर टाकतों तोच हा. कांचेच्या नळींत त्याच्याबरोबर नायट्रोजन व हीलियम भरून विजेचा प्रवाह सोडतात. नायट्रोजन विजेची शक्ति घेतो व ती कार्बन डायॉक्साइडच्या कणांस देतो. नळीच्या दोन टोकांच्या आरशांमध्यें उजेड मागेंपुढें होऊन बळावतो व एका टोकानें बाहेर पडतो. उजेड म्हटला तरी तो डोळ्यांस दिसत नाहीं, कारण त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या प्रकाशाच्याही कितीतरी पलीकडली. लांकूड हा किरण सहज पिऊन टाकतें आणि जेथें पितें तेथें जळतें. भिंगानें तो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढ्या ठिपक्यांत आणिला कीं सुरी झाली. वेगानें फिरविला तर वरवर कोरतो, सावकाश फिरविला तर आरपार कापतो. सारें रहस्य एवढेंच.

आखणी हें मात्र खरें काम. संगणकावर इंकस्केपसारखी फुकट मिळणारी आज्ञावली पुरते, आणि घरांतील चौदापंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तें दोन दिवसांत शिकते. येथें एक खोंच आहे. नवशिका मनुष्य एक चौकोन काढतो व त्याच्याच प्रती शेजारीं शेजारीं लावीत चोवीस घरें पुरीं करतो. कागदावर तें बरोबर दिसतें; पण दोन घरांमधली सामाईक रेषा त्यांत दोनदां असते, आणि यंत्र आज्ञाधारक असल्यामुळें ती दोनदां जाळतें. एका पट्ट्यांत अशा ३७ बाजू दुहेरी होतात. त्या काळ्या व खोल, बाकीच्या फिकट. म्हणून चौकोन काढूंच नयेत : चार लांब रेषा व नऊ आडव्या रेषा, इतक्या तेरा रेषांत पट्टा पुरा होतो. रांगोळी घालणाऱ्या बायकांस हें सांगावें लागत नाहीं.

अक्षरांचीही अशीच काळजी. देवनागरी मजकूर आपल्या संगणकावर सुरेख दिसतो. दुकानदाराच्या संगणकांत तो टंक नसला कीं जोडाक्षरें फुटतात, आणि 'श्री'चे अवयव वेगवेगळे होऊन फळीवर उमटतात. यासाठीं अक्षरांचें बाह्यरेषेंत रूपांतर करूनच चित्र द्यावें. शिवाय अक्षरें कोरावीं, आरपार कापूं नयेत. 'व'चें पोट, 'ब'चें पोट गळून पडतें व मागें नुसतें भोंक उरतें.

मापाविषयीं. घर ३ सेंटिमीटरचें धरलें, म्हणजे वृद्धांच्या बोटांस सोंगटी सहज उचलतां येते, तर पटाची लांबी आठ, तीन व आठ अशीं एकोणीस घरें, म्हणजे ५७ सेंटिमीटर होते. लहान दुकानांतलीं यंत्रें पुष्कळदां एवढी फळी घेत नाहींत. त्यावर उपाय असा कीं पट पांच तुकड्यांत करावा : चौक ९ सेंटिमीटर चौरस, आणि चार पट्टे प्रत्येकीं २४ बाय ९ चे. चौकाच्या बाजूंस खांचा व पट्ट्यांच्या टोकांस कुसवें ठेविलीं म्हणजे खेळतेवेळीं पट जोडतां येतो, आणि खेळ संपल्यावर तो एका लहान पेटींत मावतो. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांस हें विशेष सोयीचें. पट विमानाच्या पेटींतून जाऊं शकतो.

या खांचा-कुसवांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. सुताराच्या करवतीप्रमाणें किरणही लांकूड खातो. किती खातो तें यंत्रागणिक व लांकडागणिक बदलतें, म्हणून प्रथम चाचणी घ्यावी. त्याच फळीचे, कागदावर १० मिलिमीटर रुंदीचे असे दहा तुकडे कापावे, ते एकमेकांस चिकटवून मोजावे. १०० च्या ऐवजीं ९८ भरले तर एका कापास ०.२ मिलिमीटर गेलें. तितकें कुसवांत वाढवावें, नाहीं तर पट्टे डुगडुगतात. फुल्या दुसऱ्या रंगाच्या लांकडाच्या करून बसवावयाच्या असल्यास हाच हिशेब तेथेंही लागतो. आमच्या मतें बाराही फुल्या शिसवाच्या बसवाव्या. मेहनत आहे, पण दिव्याच्या उजेडांत त्या उठून दिसतात.

लांकूड कोणतें? इकडे प्रत्येकाचें पहिलें उत्तर 'साग' असें असतें, आणि जुन्या वाड्याच्या दाराची एखादी सागवानी फळी माळ्यावर असतेच. परंतु साग तेलकट व गडद. त्यावर जळालेली तपकिरी रेषा म्हाताऱ्या डोळ्यांस दिसत नाहीं. साग पेटीसाठीं व चौकटीसाठीं राखावा. पटास शिवणीचें लांकूड घ्यावें : फिकट पिवळसर, हलकें, आणि वाळल्यावर फारसें न वांकणारें. फळी दोन सुतांची, म्हणजे सहा मिलिमीटरची, पुरे. सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांस पांगारा वापरतात, तोही हलका व मऊ; तेथील चितारकाम व गंजिफा मोडीत निघाल्या असतां शिवरामराजे भोंसले व सत्त्वशीलादेवी यांनीं १९७१ पासून ती कला राजवाड्यांत पुन्हा उभी केली, हें सर्वश्रुत आहे. प्लायवूड घेतल्यास साधें घ्यावें. पाण्यास दाद न देणाऱ्या प्लायवुडांतील डिंक किरणासही दाद देत नाहीं, आणि कडा कोळशासारख्या होतात. रेक्झीन किंवा तत्सम प्लास्टिक खालच्या बाजूस लावून मग कापण्याचा मोह धरूं नये. त्यांतून निघणारा क्लोरिनयुक्त धूर फुप्फुसांस घातक आणि यंत्रासही गंज आणणारा असतो. अस्तर हवें असल्यास मागाहून खादीचें चिकटवावें.

कापतांना क्रम असा : प्रथम कोरकाम, मग आंतल्या खांचा, आणि बाहेरची कड सर्वांत शेवटीं, कारण कड कापली कीं तुकडा सुटतो व यत्किंचित् सरकतो. फळीवर कागदी चिकटपट्टी लावून ठेविली तर धुराचे डाग त्या पट्टीबरोबर निघून जातात. मध्येंच वीज गेली, आणि आमच्या बाजूस ती जाते, तर फळीस हात लावूं नये. जागची हलली नसेल तर उरलेलें काम पुढें चालू करतां येतें. यंत्र चालू असतां त्यापासून दूर जाऊं नये हें तर सांगावयासच नको, तरी सांगतों. शेवटीं आपण लांकूड जाळीत आहों. हौशी लोक हल्लीं निळ्या किरणाचीं स्वस्त, उघडीं यंत्रें घरीं आणतात. त्या किरणास साधी पारदर्शक झांकणी अडवीत नाहीं, त्याच्याच जोडीचा चष्मा लागतो, आणि जिज्ञासू मुलें व मांजरें असलेल्या घरांत तें आणूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

सोंगट्या सोळा, लाल, हिरव्या, पिवळ्या व काळ्या. किरणाला सपाट तेवढेंच कापतां येतें. गोल घाटदार सोंगटी ही खराद्याचीच. चकत्या कापून भागविणारे भागवितात, पण मारलेली सोंगटी उचलून चौकांत आदळण्यांत जी मजा आहे ती चकतीला कोठून येणार? तेव्हां सोंगट्या खराद्याकडून, पेटी सुताराकडून, आणि पट यंत्राकडून करून घ्यावा. यंत्रानें कारागिरांचा रोजगार जाईल म्हणून हळहळणारांनीं निदान एवढें करावें. रंगाविषयीं एक सूचना : हौसेनें हळद लावूं नये, ती पिवळी दिसते खरी, पण उन्हांत चार दिवसांत उडते.

पॉलिशास स्पिरिटांत विरघळविलेला चपडा उत्तम. जवसाचें तेल वऱ्हाडांत सहज मिळतें व लांकडास सुरेख तकाकी देतें. मात्र तेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल सुकतांना ऊष्णता निर्माण होते आणि तो बोळा आपोआप पेटूं शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्या. पावसाळ्यांत फळी वांकूं नये म्हणून पॉलिश दोन्ही बाजूंस सारखें द्यावें. वरची बाजू चकचकीत व खालची कोरडी ठेविली कीं श्रावणांत पटाची पन्हळ होते.

वेलबुट्टीबद्दल आमचें मन थोडें कठोर आहे. यंत्रास मोर, कुयऱ्या व कमळें कोरण्यास श्रम पडत नाहींत, म्हणून तयार नक्ष्या आणून पट भरून टाकण्याची रीत पडली आहे. हातानें कोरलेल्या कामाची खोली त्यांत नसते. सारें एकाच पातळीवर जळालेलें. घरांत रांगोळीचीं जुनीं वळणें जाणणारी कोणी वडील बाई असेल तर तिच्याकडून कागदावर एक वेल काढून घ्यावी, तिचें छायाचित्र घेऊन रेषा आखाव्या, आणि तीच एक वेल कडेला फिरवावी. हात थरथरला असेल तर ती थरथर तशीच राहूं द्यावी. यंत्र ती निमूटपणें कोरतें.

राहतां राहिली पटाची पाठ, आणि खानदेश-वऱ्हाडाचा तो संबंध. चार पट्ट्यांच्या चार पाठी कोऱ्या असतात. त्यांवर घरचे नियम कोरून घ्यावे असें आम्हीं ठरविलें, आणि नियम लिहूं लागतांच कळून आलें कीं घरांत एक खेळ नसून निदान दोन आहेत. कवड्या सहा कीं सात? किती उताण्या पडल्या म्हणजे दहा, आणि किती पालथ्या म्हणजे पंचवीस? पहिली सोंगटी कोणत्याही दानानें निघते, कीं दहा-पंचविसांवांचून चौक सोडीत नाहीं? आमच्या मातोश्रींचीं उत्तरें एक, वहिनींचीं दुसरीं. तीन रात्री हा वाद चालला. ज्या मुलांनीं कधीं पट पाहिला नव्हता तीं मोबाइल बाजूस ठेवून दोन्ही पक्षांचें लिहून घेत होतीं, आणि अमेरिकेंतला पुतण्या फोनवरून मध्येंच, "आजी, तुम्ही पणजीबाईंना विचारलं नव्हतं का?" असें विचारीत होता. विचारलें होतें, त्यांचें तिसरेंच होतें.

बहुतेक कलमांवर तडजोड झाली. कवड्या सात ठरल्या. दहा व पंचवीस यांवर पुन्हा एक दान मिळावें हें दोघींसही मान्य होतें. एका कलमावर मात्र अद्यापि एकमत नाहीं. एकाच रंगाच्या दोन सोंगट्या एका घरांत बसल्या म्हणजे त्यांस जुग म्हणतात. तें जुग समोरून आलेल्या एकट्या सोंगटीनें मरतें काय? मातोश्री म्हणतात, मरतें. वहिनी फार नम्रपणें म्हणतात, "सासूबाई, आमच्या माहेरीं जुग फुटल्याखेरीज मरत नसे." चौथ्या पट्ट्याच्या पाठीवर त्या कलमापुरती दोन ओळींची जागा आम्हीं कोरी सोडली आहे. दुकानदारास चित्र सांभाळून ठेवावयास सांगितलें आहे. ठरेल तेव्हां ती एक फळी पुन्हा नेतां येईल.